निळा पडदा आणि घरचा संगणक

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यापाशी अडले, तेव्हा घरगुती यंत्रे बहुतांशी बचावली. परंतु हुबळी-धारवाडातील आपल्या घरी तोच पडदा उमटला, तर कारण बहुधा रॅम, ड्रायव्हर किंवा डिस्क यांतच दडलेले असते. म्हणून विंडोज नव्याने बसविण्याची तजवीज करण्यापूर्वी पडद्यावरील ‘स्टॉप कोड’ अक्षरशः उतरून घ्यावा, कारण साऱ्या तपासाचा तोच अस्सल दस्तऐवज होय. ‘मेमरी मॅनेजमेंट’ आढळल्यास विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवावे. नव्या ड्रायव्हरनंतर उपद्रव सुरू झाला असल्यास सेफ मोडमध्ये तो ड्रायव्हर मागे घ्यावा. मात्र तत्पूर्वी, संगणक सुरू होत असेपर्यंतच, कागदपत्रांची नक्कल बाहेरच्या डिस्कवर अवश्य घ्यावी.