नाटकं बघायला लंडनला?

"ताई, नाटकं बघायला कुणी मुलीला लंडनला पाठवतं का गं?"

धाकट्या बहिणीचा अमेरिकेहून फोन होता. तिची लेक तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे लंडनला नाट्यशिक्षणासाठी जायचं म्हणून ती हटूनच बसली होती. खर्च बराच. त्यात आपला नेहमीचा प्रश्न, नाटकानं पोट भरतं का?

मी क्षणभर गप्पच झाले. कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धेसाठी माझी निवड झाली होती. तालमी रात्रीपर्यंत चालायच्या. "मुलीच्या जातीला हे शोभत नाही," वडील म्हणाले आणि विषय संपला. माझी भूमिका दुसरीनं केली. मी प्रेक्षकांत बसून तिची वाक्यं मनातल्या मनात म्हणत होते.

बहिणीला म्हटलं, "पाठव तिला. पण आधी नीट चौकशी कर." या अभ्यासाचे गुण पदवीत धरणार का? राहण्याची सोय कुठे? सोबत प्राध्यापक आहेत ना? आजारपणाचा विमा? सगळी उत्तरं मिळाली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

भाचीचे तिथले दिवस भरगच्च होते. सकाळी आवाजाचे, श्वासाचे व्यायाम, दुपारी तालीम, संध्याकाळी नाटक आणि रात्री पाहिलेल्या नाटकावर टिपण लिहायचं.

तिला सगळ्यात आवडलं थेम्स नदीकाठचं 'ग्लोब' थिएटर. शेक्सपिअरची नाटकं जिथे व्हायची ते मूळ ग्लोब १५९९ सालचं. १६१३ मध्ये नाटक चालू असताना तोफेच्या ठिणगीनं छप्पर पेटलं आणि ते जळून गेलं. सॅम वॉनामेकर नावाचा अमेरिकन नट १९४९ मध्ये ते शोधायला गेला, तर तिथे नुसती एक पाटी! नाट्यगृह पुन्हा उभं करायचा त्यानं ध्यास घेतला. १९९७ मध्ये ते सुरू झालं, पण ते बघायला तो नव्हता. १९९३ मध्येच तो गेला.

मधलं अंगण उघडं. स्वस्त तिकीट काढून तिथे उभ्यानं नाटक बघायचं. पाऊस आला तरी छत्री उघडायची नाही!

"मावशी, शेक्सपिअरच्या काळी बायकांची कामं मुलगेच करायचे," भाची सांगत होती. मी म्हटलं, "अगं, आपल्याकडे नाही का बालगंधर्व!" आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव', हेही सांगितलं. तिला मोठी गंमत वाटली.

मग एकदम तिनं विचारलं, "मावशी, तू का नाही केलंस नाटक?"

काय सांगणार? खरं तेच सांगितलं. पलीकडे ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग आता कर."

मैत्रिणींनो, परदेश सगळ्यांना कुठून परवडणार? पण लेक तालमीला जाते म्हणाली, तर लगेच 'नको' म्हणू नका. कुठे, कोणाबरोबर, घरी किती वाजता, हे विचारा, हवं तर आणायला जा. पण जाऊ द्या.

आणि हो, आमच्या महिला मंडळाच्या कार्यक्रमात यंदा एक प्रवेश बसवतेय. वाक्यं पाठ होत नाहीत, पण भूमिका या वेळी माझीच आहे.