‘हूं’ म्हणा, नियम ठरला!

दिवा मालवला की आमची आजी गोष्ट सुरू करायची. पण तिची एक अट असायची. दर वाक्याला आम्ही ‘हूं’ म्हणायचं.

“एक होता राजा.”

“हूं.”

“त्याला होत्या दोन राण्या.”

“हूं.”

‘हूं’ आला नाही की आजी थांबायची. “झोपलास का रे?” विचारायची आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायची. तरीही चिडीचूप असेल, तर राजा-राण्या उद्यापर्यंत तिथेच ताटकळत उभे! अंधारात आजीला आमचे चेहरे दिसायचे नाहीत. गोष्ट आमच्यापर्यंत पोचतेय की नुसती भिंतीला सांगितली जातेय, हे तिला त्या हुंकारावरूनच कळायचं.

आता गंमत ऐका. तुम्ही मामाला सहलीचा फोटो पाठवता, तेव्हा फोन हुबेहूब आजीसारखा वागतो.

समजा फोटो ३ एमबीचा आहे. तो अख्खा एकदम जात नाही. त्याचे साधारण २,००० बारीक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर क्रम लिहिलेला असतो, कारण वाटेत मागचा पुढे आणि पुढचा मागे होऊ शकतो. तुकडे मिळत गेले की पलीकडचं यंत्र हुंकार देतं, “हूं, इथपर्यंत पोचलं.” हुंकार आलाच नाही, तर आपला फोन तो तुकडा पुन्हा पाठवतो. आणि हे सगळं सुरू होण्याआधी दोघांचं थोडं बोलणं होतं. “ऐकू येतंय का?” “येतंय. तुला माझं येतंय का?” “येतंय.” ऑनलाइन वर्गात बाई रोज करायच्या, तसंच! फोटो असो की पत्र, इंटरनेटवरचं बरंचसं सामान याच रीतीने ये-जा करतं. या रीतीचं नाव टीसीपी.

यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं याच्या अशा ठरलेल्या रीतीला प्रोटोकॉल म्हणतात. पण जरा विचार करा. तुमचा फोन एका कंपनीचा, घरातला वायफायचा डबा दुसऱ्या कंपनीचा, आणि पलीकडचं यंत्र तिसऱ्याच देशातलं. तरी सगळे एकाच पद्धतीने ‘हूं’ म्हणतात. हे ठरवलं कुणी?

न्हाणीघरातली चिठ्ठी

चला, १९६९ सालच्या अमेरिकेत. तेव्हाचा एकेक संगणक मोठमोठ्या कपाटांएवढा असायचा. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या ‘आर्पा’ या विभागाने ठरवलं, की वेगवेगळ्या ठिकाणचे संगणक तारेने जोडायचे. सुरुवातीला चार ठिकाणं निवडली. अडचण अशी, की चारही ठिकाणचे संगणक वेगवेगळ्या जातीचे! एकाची भाषा दुसऱ्याला ओ की ठो कळायची नाही.

त्यांनी एकमेकांशी बोलावं कसं, हे ठरवायचं काम येऊन पडलं तिथल्या विद्यार्थ्यांच्या गळ्यात. त्यांना वाटत होतं, आज ना उद्या कुणीतरी मोठे, अनुभवी लोक येतील आणि नियम सांगतील. वाट पाहिली, पण कुणी आलंच नाही. मग विद्यार्थीच आपसात बोलायला बसले.

त्यांच्यात होता स्टीव्ह क्रॉकर. वय चोवीस. बैठकीत काय काय सुचलं ते लिहून ठेवायचं त्याने ठरवलं. पण पोटात गोळा! आपण पडलो विद्यार्थी. ‘हे नियम’ असं लिहिलं आणि एखादा बडा शास्त्रज्ञ रागावला तर? तो तेव्हा मित्रांकडे मुक्कामाला होता. रात्री सगळे झोपलेले. दिव्याने कुणाची झोपमोड नको, म्हणून हा पठ्ठ्या न्हाणीघरात जाऊन लिहीत बसला.

कुणाला राग येऊ नये म्हणून त्याने एक युक्ती केली. या लिखाणाला त्याने ना नियम म्हटलं, ना हुकूम. त्याने नाव दिलं ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’. म्हणजे काय, तर ‘आम्हाला असं सुचलंय, तुम्हाला काय वाटतं ते कृपया सांगा’. तारीख होती ७ एप्रिल १९६९, आणि चिठ्ठीचा क्रमांक १. पुढे त्या लांबलचक नावाचं झालं आरएफसी.

तेव्हा ईमेल कुठलं? चिठ्ठ्या कागदावर छापून टपालाने जायच्या. तिसऱ्या चिठ्ठीत तर क्रॉकरने चिठ्ठ्या लिहायच्या कशा, तेच सांगितलं. कुणीही लिहावी, कच्चं सुचलेलं असलं तरी पाठवावं. आणि कमीत कमी लांबी किती? एक वाक्य! निबंधाला अशी सवलत मिळाली तर काय बहार येईल, नाही?

त्याच वर्षी २९ ऑक्टोबरच्या रात्री साडेदहाला पहिली खरी परीक्षा झाली. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चार्ली क्लाइन संगणकापुढे बसला होता. दुसरं टोक होतं सुमारे ५०० किलोमीटरवर, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत. क्लाइनला इंग्रजीत ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. त्याने एल दाबला आणि कानाला लावलेल्या फोनवर विचारलं, आला का? आला. ओ दाबला. आला का? आला. मग जी दाबला आणि पलीकडचा संगणक धाडकन बंद पडला!

दुरुस्ती करून तासाभराने पूर्ण शब्द गेला. पण नीट पोचलेला पहिलावहिला निरोप ठरला ‘लो’. हुंकार मात्र त्याही रात्री होता, फक्त तो माणसं फोनवरून देत होती.

हात वर नको, ओठ मिटा

पुढे चाराचे शंभर संगणक झाले, शंभराचे हजार. नियमांचं काम वाढलं. १६ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेतल्या सॅन डिएगो इथे या कामासाठी २१ जण जमले. ती आयईटीएफची, म्हणजे ‘इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स’ची पहिली बैठक. आज तिच्या मोठ्या बैठका वर्षातून तीनदा वेगवेगळ्या देशांत भरतात आणि एरवीचं काम ईमेलवर चालतं. हिचं सभासद होता येत नाही, कारण सभासद ही गोष्टच तिथे नाही. ज्याला काही सांगायचंय त्याने यावं आणि सांगावं.

सभासदच नाहीत, तर मतदान कसं करणार? कुणाचं मत धरायचं आणि कुणाचं नाही? एखादी कंपनी आपली दोनशे माणसं बसमधून आणून बसवेल आणि जिंकेल! म्हणून तिथे हात मोजून निर्णय होत नाही. तिथली जुनी रीत अशी, की बैठक चालवणारा म्हणतो, “ज्यांना पहिला उपाय बरा वाटतो, त्यांनी गुणगुणा.” आणि भलीमोठी माणसं, कुणी प्राध्यापक, कुणी इंजिनिअर, ओठ मिटून आवाज काढतात, हूंऽऽऽऽ! मग विचारतात, “ज्यांना हा उपाय नको वाटतो, त्यांनी?” पुन्हा हूंऽऽऽऽ!

कुठला आवाज दमदार, कुठला मुंगीएवढा, यावरून सभेचा कल समजतो. दोन्हीकडून मोठा आवाज आला, तर चर्चा अजून बाकी आहे असं समजायचं.

पण मोठा आवाज जिंकला, असंही नसतं बरं का. समजा तुमच्या वर्गाची सहल ठरतेय. ३९ जणांना धबधब्यावरच जायचंय. एकटी सायली म्हणते, “नको.” का गं? “वाटेतला पूल परवाच्या पावसात वाहून गेलाय.” आता ३९ हात वर झाले म्हणून पूल परत येणार आहे का? आयईटीएफमध्ये हेच बघतात. नाही म्हणणारे किती, यापेक्षा का म्हणतात ते आधी ऐकायचं आणि त्याचं उत्तर शोधायचं.

आणखी एक कसोटी असते. नियम कागदावर कितीही छान दिसू दे, कुणीतरी तसा प्रोग्रॅम लिहून तो चालवून दाखवला की त्याचं वजन वाढतं. कागदावरच्या लाडवांनी पोट भरत नाही ना!

कच्च्या मसुद्याला मुदत असते सहा महिन्यांची. तोवर त्यात काही भर पडली नाही, तर तो बाद. पक्का होऊन आरएफसी म्हणून छापला, की मात्र त्यातलं एक अक्षरही बदलत नाहीत. चुका सापडल्या तर त्यांची यादी वेगळी ठेवतात. नियम बदलायचाच असेल, तर नव्या क्रमांकाची नवी आरएफसी लिहितात. टीसीपीचंच बघा. १९८१ साली त्याची आरएफसी निघाली, क्रमांक ७९३. तिची जागा २०२२ साली क्रमांक ९२९३ ने घेतली. पण जुनी चिठ्ठी अजून जशीच्या तशी आहे, कुणालाही फुकट वाचता येते.

या चिठ्ठ्या तपासायचं, त्यांना क्रमांक द्यायचं काम जॉन पोस्टेल यांनी २८ वर्षं केलं. १९९८ साली ते वारले, तेव्हा त्यांचे मित्र व्हिंट सर्फ यांनी आठवणींचा लेख लिहिला. तोसुद्धा आरएफसी म्हणूनच छापला गेला. क्रमांक पाहा, २४६८! आणि गंमत म्हणजे क्रॉकर, सर्फ आणि पोस्टेल हे तिघंही लॉस एंजेलिसच्या एकाच शाळेत शिकलेले, व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये.

पोह्यांचा नियम

नियम लिहिताना शब्द फार जपून वापरावे लागतात. म्हणून १९९७ साली खास शब्दांसाठीच एक आरएफसी निघाली, क्रमांक २११९. तिच्यातले मुख्य शब्द तीन. आपण ते पोह्यांवर लावून बघू.

पोहे भिजवलेच पाहिजेत. इथे सुटका नाही, नाहीतर दात दुखतील.

शेंगदाणे घालावेत. घरात संपले असतील तर राहू दे, पण आळस हे कारण चालणार नाही.

वरून खोबरं भुरभुरलं तरी चालेल. ही ज्याची त्याची आवड.

‘पाहिजेच’, ‘करावं’ आणि ‘चालेल’. यंत्र बनवणाऱ्याला हा फरक कळला नाही, तर त्याचं यंत्र बाकीच्यांशी बोलताना अडखळेल.

कबुतर आणि किटली

ही मंडळी गंभीर वाटतात ना? मग त्यांचा १ एप्रिल बघा. १९९० साली डेव्हिड वेट्झमन यांनी त्या दिवशी आरएफसी ११४९ काढली. विषय, इंटरनेटचे तुकडे कबुतरांच्या पायाला बांधून कसे पाठवावेत!

सगळे हसले आणि विसरले. नॉर्वेतल्या बर्गन शहरातले काही संगणकवेडे मात्र विसरले नाहीत. एप्रिल २००१ मध्ये त्यांनी खरोखर कबुतरं आणली. संगणकाचा निरोप कागदावर छापला, गुंडाळी केली, पायाला चिकटवली आणि कबुतरं सोडली. अंतर सुमारे ५ किलोमीटर. नऊ निरोप पाठवले, चारांची उत्तरं आली. सगळ्यात झटपट उत्तराला ५३ मिनिटं लागली, सगळ्यात उशिराच्याला पावणेदोन तास! पण चालले. अगदी नियमाप्रमाणे चालले.

१९९८ साली अशीच थट्टा म्हणून, इंटरनेटवरून कॉफी कशी करवून घ्यावी याचे नियम निघाले. एखादं पान सापडलं नाही की ४०४ हा आकडा दिसतो, तो तुम्ही पाहिला असेल. या नियमांत होता ४१८. चहाच्या किटलीला कॉफी करायला सांगितलं, तर तिने उत्तर द्यायचं, “४१८, मी किटली आहे.”

भारतचं वेषांतर

आता एक आपल्या बाराखडीची गोष्ट. इंटरनेटवरच्या पत्त्यांत पूर्वी इंग्रजीची २६ अक्षरं, दहा अंक आणि एक आडवी रेघ, एवढंच चालायचं. क, ख, ग दारातच अडायचे. जगभरातली यंत्रं बदलायची म्हटलं, तर जन्म पुरला नसता. मग २००३ साली आरएफसी ३४९२ आली, प्युनीकोड नावाची युक्ती घेऊन. अक्षरांना वेषांतर करून आत सोडायचं!

ऑगस्ट २०१४ पासून पत्त्याच्या शेवटी देवनागरीत ‘.भारत’ लावता येऊ लागलं. मराठीत, कोकणीत, हिंदीत पत्ता लिहा. तुम्ही ‘भारत’ टाइप केलं, की तारेतून जाताना त्याचं होतं एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि मग एच, २, बी, आर, जे, ९, सी. वाटेतल्या जुन्या यंत्रांना वाटतं, असेल काहीतरी इंग्रजी, जाऊ दे पुढे! कुणालाही न दुखावता आपली अक्षरं पोचली की नाही?

आरएफसींचे क्रमांक आता ९,००० च्या पुढे गेलेत. त्या सगळ्यांवर अजून तेच नाव आहे, जे क्रॉकरने भीत भीत दिलं होतं, ‘तुम्हाला काय वाटतं ते सांगा’. तुम्हीही एक करून पाहा. गल्लीतल्या क्रिकेटचे नियम कागदावर लिहा. एक टप्पा आउट ‘पाहिजेच’ की ‘चालेल’? जोश्यांच्या गच्चीवर चेंडू गेला तर सिक्स की आउट? वर मोठ्या अक्षरांत लिहा, ‘चिठ्ठी क्रमांक १’. सगळ्यांना वाचून दाखवा, मग ओठ मिटून गुणगुणायला सांगा. आणि कोपऱ्यातला जो एकटा गप्प बसलाय ना, त्याला आधी विचारा, “तुला का पटलं नाही रे?”

बरं, माझी गोष्ट तर संपली. पण इथे कागदापलीकडे मलाही अंधारच आहे. पोचली का तुमच्यापर्यंत? मग द्या बघू हुंकार!