बोल्ट : आधी मिळेना, मग परत बोलावली

एका चार्जिंगमध्ये सुमारे ३८३ किमी धावणारी, मध्यमवर्गाला परवडेल अशी मोटार म्हणून जनरल मोटर्सने डिसेंबर २०१६ मध्ये शेव्हरोले बोल्ट आणली. सुरुवातीला ती फक्त कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनमध्ये मिळे. बाकी अमेरिका ताटकळली. पुढचे दुखणे जास्त गंभीर होते. बोल्टच्या बॅटरीतील एलजी कंपनीच्या काही सेलमध्ये फाटलेला अॅनोड टॅब आणि दुमडलेला सेपरेटर हे दोन्ही दोष एकत्र आले, की उभ्या गाडीलाही आग लागू शके. ऑगस्ट २०२१ मध्ये तोवरच्या सगळ्या, सुमारे १ लाख ४२ हजार बोल्ट परत बोलावल्या गेल्या. ‘गाडी उघड्यावर लावा, रात्रभर घरात चार्जिंग करू नका’ हा सल्ला, चार्जर फक्त गॅरेजमध्ये असलेल्यांनी पाळायचा कसा? या दोषामुळे थांबलेले बोल्टचे उत्पादन एप्रिल २०२२ मध्येच पुन्हा नियमित सुरू झाले.