वास गेला म्हणजे घाण गेली असे नाही



नाताळच्या आधी अनेक मंडळ्या आमच्या वसतिगृहांसाठी सामान गोळा करतात. तांदूळ, चादरी, वह्या यांच्याबरोबर फिनाईलचे कॅन आणि संडास धुण्याच्या ॲसिडच्या बाटल्याही येतात. त्यामागचे प्रेम आम्ही जाणतो. पण ही द्रव्ये चुकीच्या रीतीने वापरली तर स्वच्छता होत नाहीच, उलट लेकरांच्या जिवाला धोका होतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये होणाऱ्या चुका आणि नवापूर-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर होणाऱ्या चुका बऱ्याच सारख्या असतात. म्हणून हा लेख दोघांसाठी आहे.

आधी धुणे, मग औषध

सर्वांत मोठी चूक म्हणजे घाणीवरच फिनाईल ओतणे. खोलीत वास दरवळतो आणि आपल्याला वाटते, काम झाले. पण तेलकटपणा, माती, उष्टे यांचा थर असला की जंतू त्याच्या आड राहतात आणि औषधाची ताकद वरच्या वर संपून जाते. प्याला बाहेरून घासून आतून तसाच ठेवणाऱ्यांना प्रभूने काय सुनावले, ते आपण जाणतोच. फरशीचेही तसेच आहे.

क्रम असा ठेवावा : झाडणे, साबणाच्या पाण्याने घासणे, साध्या पाण्याने धुणे आणि मग गरज असेल तेथेच जंतुनाशक. ते लावून लगेच पुसू नये, दहा मिनिटे राहू द्यावे. शेवटी जागा कोरडी होऊ द्यावी. ओल राहिली की जंतू पुन्हा वाढतात. रोजच्या घरासाठी पहिल्या तीन पायऱ्या पुरेशा असतात. जंतुनाशक हवे संडासासाठी, मोरीसाठी, किंवा घरात कोणाला जुलाब-उलट्या होत असतील तेव्हा.

ब्लीचिंग पावडर मोजून

ही पावडर स्वस्त आणि गुणकारी आहे. पण मूठभर टाकायची वस्तू नव्हे. ताजी, चांगल्या प्रतीची पावडर असेल तर फरशी आणि मोरीसाठी १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम पुरते. जुलाब किंवा उलटीची जागा आधी साफ करून मग १ लिटर पाण्यात १५ ग्रॅम, असे कडक द्रावण वापरावे. हातात रबरी मोजे आणि दारे-खिडक्या उघड्या हव्यात. द्रावण रोज ताजे करावे. पोते उघडे राहिले किंवा ओल लागली तर पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि हाती नुसता चुना राहतो. म्हणून ती घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावी.

दोन औषधे एकत्र नकोत

“दोन्ही टाकले तर जास्त स्वच्छ होईल” हा समज घातक आहे. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो. दार लावलेल्या लहानशा संडासात तो श्वास कोंडतो, फुप्फुसांना इजा करतो. असे झाल्यास काही आवरत न बसता ताबडतोब मोकळ्या हवेत यावे. श्वासाचा त्रास थांबला नाही तर दवाखाना गाठावा.

दोन शोषखड्ड्यांच्या संडासात तर ॲसिड नकोच. भरलेला खड्डा बंद ठेवल्यावर दीड-दोन वर्षांत मैल्याचे खत होते, ते सूक्ष्म जीवांच्या कामामुळे. ॲसिडने ते जीवच मरतात. तेथे ब्रश, थोडा साबण आणि पाणी एवढेच पुरे.

बाटली ओळखीची, आत विष

कॅनमधले फिनाईल किंवा ॲसिड सरबताच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवणे ही फार घरांतली सवय आहे. पाण्यात घातलेले पांढरे फिनाईल दुधासारखे दिसते. लहान मूल वास पाहत नाही, बाटली ओळखते. मूळ बाटलीतच, चिठ्ठीसकट, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावे. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी पाण्यासाठी वापरू नये. कोणी चुकून प्यायलेच तर उलटी करवू नये. १०८ वर फोन करावा आणि ती बाटली सोबत घेऊन दवाखान्यात न्यावे.

सारवलेल्या घराची रीत वेगळी

कुडाच्या भिंतींची, शेणाने सारवलेली घरे आमच्या बहिणी फार निगुतीने राखतात. ती घरे अस्वच्छ आहेत असे कोणी समजू नये. मात्र अशा जमिनीवर फिनाईल ओतण्यात अर्थ नाही, ते मातीत मुरून जाते. जमिनीवर उलटी किंवा जुलाब झाले तर वरचा थर खरवडून पाण्याच्या जागेपासून दूर खड्ड्यात पुरावा आणि तेथे नव्याने सारवावे. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. म्हणून सारवलेले हात साबणाने धुतल्याशिवाय तान्ह्याला घेऊ नये आणि बाळाच्या नाळेवर शेण किंवा राख कधीही लावू नये.

पाण्याचा हंडा बाहेरून लखलखीत असतो. पण घरातला प्रत्येक जण त्यात हात बुडवून पेला भरतो. आजार येतो तो तेथून. झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे, एवढा त्यावर साधा उपाय आहे. तसेच मोरीचे फडके स्वयंपाकघरात येऊ नये. प्रत्येक जागेचे फडके वेगळ्या रंगाचे असावे आणि ते रोज धुऊन उन्हात वाळवावे.

म्हणून या वर्षी मंडळीत सामान गोळा करताना फिनाईल आणि ॲसिडऐवजी अंगाचे व धुण्याचे साबण, ओगराळी, झाकणाचे हंडे, लांब दांड्याचे ब्रश, रबरी हातमोजे आणि दोन-तीन रंगांची फडकी द्यावीत. आमच्या लेकरांची पोटे वर्षभर बरी राहतील, ती त्यांनी. आपल्या प्रार्थनेत त्यांची आठवण असू द्या.