हॉपचा कडूपणा आणि त्याचा हिशोब

उल्हास नदीच्या काठी, बदलापूर-अंबरनाथकडे, हॉपच्या वेलाची चौकशी हल्ली अधूनमधून कानी येते. बियरला कडूपणा येतो तो याच वेलाच्या फुलांनी. कोणास लागवड करून पाहावयाची असते. कोणाचा मुलगा परदेशात घरच्या घरी बियर करतो व ती कधी मिळमिळीत, कधी काडेचिराइतासारखी कडू होते.

लागवडीविषयी आमचे मत स्पष्ट आहे. हॉपला उन्हाळ्यात लांब दिवस व हिवाळ्यात कडक थंडी लागते. बदलापुरास जूनमधील मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, आणि कडक थंडी मुळीच नाही. हिमाचलातील लाहौलात हा वेल पिकतो तो तेथील हवेमुळे. रोपे विकावयास येणाऱ्यास हे आधी विचारावे. आमच्या जमिनीस कारलीच बरी. कडूपणाची हौस तीही भागवितात!

बियर करण्याविषयी सांगावयाचे तर आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्यावाचून ती घरी करणे गुन्हा आहे. कल्याण कँपास उल्हासनगर हे नाव मिळाले तेही त्याच वर्षी. इंग्लंडात मात्र १९६३ पासून घरगुती बियरला परवाना लागत नाही, व अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने तशी मोकळीक दिली. पुढील हिशोब तेथील मुलांसाठी, आणि येथील परवानाधारकांसाठी आहे.

हॉपच्या मादी फुलात पिवळी भुकटी असते. तिच्यातील कडू आम्ले पाण्यात सहसा विरघळत नाहीत. उकळीने त्यांची घडण पालटते, तेव्हा ती विरघळतात. म्हणजे कडूपणा वजनाइतकाच वेळेवर अवलंबून आहे. सुवासिक तेले मात्र वाफेबरोबर उडून जातात. चहात आले आरंभी ठेचून घालावे आणि वेलदोडा उतरविताना, तसाच हा प्रकार आहे.

समजा, २० लिटर माल्टच्या काढ्यात शेकडा ६ आम्लाचे २० ग्रॅम हॉप घातले. त्यात आम्ल १,२०० मिलिग्रॅम. तासभर उकळल्यास त्याचा चौथ्या हिश्शाहून थोडा कमी भाग उतरतो. लिटरमागे सुमारे १४ मिलिग्रॅम. पाव तासच उकळल्यास निम्मे, म्हणजे ७. हाच आकडा स्थूलमानाने कडूपणाचा अंक होय. गव्हाच्या जर्मन बियरचा तो १० ते १५ असतो, पिल्सनरचा ३० ते ४०.

अंक ३० हवा असल्यास शेकडा १२ आम्लाचा मॅग्नम आरंभी २२ ग्रॅम पुरतो. त्याच कामास शेकडा साडेतीन आम्लाचा साझ ७५ ग्रॅम लागेल, आणि एवढा पाला बराच काढा शोषून घेईल. यास्तव साझ शेवटच्या पाच मिनिटांत घालावा. २० ग्रॅमांनी कडूपणा जेमतेम दीड-दोन अंकांनी वाढतो, परंतु वास टिकतो. काढा जितका दाट, तितके आम्ल कमी उतरते. शिवाय माल्टची गोडी कडूपणा झाकते. दाट बियरला हॉप अधिक घालावे.

पाकिटावरील आम्लाचा आकडा दर हंगामात बदलतो, तो वाचूनच तोलावे. उघडे राहिलेले हॉप जोर गमावतात; हवा काढून अतिथंड जागी ठेवावे. तयार बियर तपकिरी बाटलीत भरावी, कारण उजेडाने हीच कडू द्रव्ये बिघडून घाण वास सुटतो.