एअर कॉम्प्रेसरची निवड : गरज ओळखा, मग यंत्र घ्या

गॅरेज, टायरदुरुस्ती, फर्निचरचे रंगकाम, दंतचिकित्सालय अशा अनेक व्यवसायांच्या कर्जप्रस्तावांत एअर कॉम्प्रेसर हमखास आढळतो. पुष्कळदा त्याची निवड मोटारीची अश्वशक्ती आणि टाकीचा आकार पाहून केली जाते. वस्तुतः पहिला प्रश्न असा असावा : आपल्या कामाला किती हवा लागते आणि ती कोणत्या दाबाने?

हवेचे प्रमाण घनफूट प्रतिमिनिट, अर्थात सीएफएम, या एककात मोजतात. एकाच वेळी चालणाऱ्या अवजारांची गरज एकत्र करावी. समजा, रंगाच्या स्प्रे गनला ८ आणि धूळ झटकणाऱ्या एअर गनला ४ सीएफएम हवा लागते. या १२ मध्ये गळती व भावी वाढीसाठी चतुर्थांश भर घातल्यास १५ सीएफएम होतात. पिस्टन कॉम्प्रेसरमध्ये ७ बार दाबाला दर अश्वशक्तीमागे साधारणतः ३ ते ४ सीएफएम हवा मिळते. म्हणजे येथे ५ अश्वशक्ती पुरेशी आहे. टाकी हवा साठवते, निर्माण करीत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

माहितीपत्रकातील ‘पिस्टन डिस्प्लेसमेंट’ हा आकडा सैद्धांतिक असतो. प्रत्यक्ष मिळणारी हवा, म्हणजे ‘फ्री एअर डिलिव्हरी’, त्याहून कमी असते. दरपत्रकात हा दुसरा आकडा, दाबासह, लेखी मागून घ्यावा.

काम थांबून थांबून होत असेल तर पिस्टन कॉम्प्रेसर किफायतशीर ठरतो. दिवसभर अखंड हवा लागत असल्यास स्क्रू कॉम्प्रेसरचा विचार करावा. दंतचिकित्सालयासाठी तेलविरहित यंत्रच योग्य.

खरा खर्च खरेदीनंतर सुरू होतो. ५ अश्वशक्तीची मोटार पूर्ण भाराने रोज ८ तास, वर्षातून ३०० दिवस चालली तर सुमारे ९ हजार युनिट वीज लागते. युनिटला ८ रुपये दर धरल्यास हे बिल ७२ हजार रुपयांच्या घरात जाते. गरजेपेक्षा मोठे यंत्र घेतल्यास कर्जाचा हप्ता वाढतोच, शिवाय विजेचाही अपव्यय होतो. दाब विनाकारण वाढवू नये, गळती तत्काळ बंद करावी आणि टाकीतील पाणी रोज काढून टाकावे.

दरपत्रक शाखेत सादर करण्यापूर्वी ही बेरीज कागदावर अवश्य मांडावी. नेमक्या गरजेएवढे घेतलेले कर्जच व्यवसायाला बळ देते.