चंद्रपूर म्हणजे ८ की २४?

एक सोप्पा प्रश्न. 'चंद्रपूर' या शब्दाची लांबी किती? पायथॉन २ मधली साधी स्ट्रिंग सांगायची, २४. पायथॉन ३ सांगतं, ८. च, अनुस्वार, द, हलन्त, र, प, ऊकार, र. मोजा, आठच! 'गडचिरोली'चंही सेम टू सेम.

भानगड अशी, की जुनं व्हर्जन चिन्हं नाही, बाइट्स मोजायचं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट्स खातं, इंग्रजी अक्षर एकच. त्यामुळे 'जॉन'चं काही अडलं नाही. अडलं ते आपल्या लोकांचं.

मी मूळचा चंद्रपूरचा, नोकरी पुण्यात. २०१९ च्या दिवाळीत घरी गेलो, तर गडचिरोलीतल्या एका छोट्या संस्थेचं काम गळ्यात पडलं. तेंदूपत्त्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर, जँगो फ्रेमवर्कवर लिहिलेलं, चालणारं पायथॉन २ वर. आणि १ जानेवारी २०२० पासून पायथॉन २ चा सपोर्ट बंद होणार होता. म्हणजे पुढे सुरक्षेची भोकं बुजवायलाही कोणी नाही.

"नवीन व्हर्जननं आमाले का भेटंल जी?" तिथल्या दादांनी विचारलं. मग त्यांनीच एक पावती पुढे केली. नावासाठी २० जागा होत्या, पण प्रोग्रॅम २० बाइट्सवर कापायचा. म्हणजे सहा चिन्हं, आणि सातव्याचं मोडकं डबडं. मजुराचं नाव अर्ध्यातच तुटलेलं.

आता म्हणाल, मग इतकी वर्षं थांबले कशाला? खरं सांगायचं तर जँगोवाल्यांनाही सोपं गेलं नाही. पायथॉन ३ आलं डिसेंबर २००८ मध्ये. जँगो १.५ त्यावर चालायला लागलं फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेही 'प्रायोगिक' अशी पाटी लावून. फ्रेमवर्कच्या पोटात दहा लायब्रऱ्या, डोक्यावर हजारो वेबसाइट्स. सगळ्यांना एकाच दिवशी 'उद्यापासून बदला' कसं सांगणार? मग एकच कोड दोन्हीकडे चालवायचा मार्ग निघाला. त्यासाठी वापरलेल्या लायब्ररीचं नाव 'सिक्स', कारण दोन गुणिले तीन सहा! एप्रिल २०१७ चं १.११ हे पायथॉन २ वर चालणारं शेवटचं जँगो. त्याच डिसेंबरात आलेल्या २.० ने जुना दरवाजा बंद केला. ईआरपीनेक्स्ट ज्यावर उभं आहे, त्या आपल्या मुंबईच्या 'फ्रॅपे' फ्रेमवर्कलाही हीच नदी ओलांडावी लागली.

आमच्याकडच्या माणसाला हे पटकन कळतं. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. जंगल जागेवरच, पत्ता तेवढा बदलला. आणि चंद्रपूरचं जुनं नाव चांदा. रेल्वेचं 'चांदा फोर्ट' स्टेशन ते अजून मिरवतंय. दोन नावं, एकाच वेळी, बिनबोभाट चालू.

तर, काम सुरू केलं. प्रिंटला कंस लावणं वगैरे किरकोळ बदल 'टू-टू-थ्री' नावाचं टूल आपोआप करून देतं. चहा संपायच्या आत! घाम काढला भागाकाराने.

तेंदूचा एक पुडा ७० पानांचा, मजुरीचा हिशेब शेकड्यावर. २५० पुडे भागिले १०० किती? अडीच. पायथॉन २ म्हणायचं, २. दोन्ही आकडे पूर्णांक असले की अपूर्णांक सरळ गाळून टाकायचं. एरर नाही, वॉर्निंग नाही. गळाले किती? ५० पुडे. म्हणजे उन्हाळ्यात जंगलात फिरून एकेक करून तोडलेली साडेतीन हजार पानं.

आणि आपोआप दुरुस्ती करणारं टूल भागाकाराला हातच लावत नाही. कुठे अपूर्णांक हवा नि कुठे नको, हे त्याला कसं कळणार? सगळे भागाकार हाताने तपासले. मागच्या हंगामाच्या नोंदी जुन्या आणि नव्या, दोन्ही व्हर्जनवर चालवल्या. गोषवाऱ्यातले आकडे जुळेनात. मग दादांनी कपाटातून लाल वही काढली. कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता म्हणून मजुरी ते वहीतूनच वाटत होते. नशीब! पायथॉन ३ चा प्रत्येक आकडा वहीशी जुळला. तोंडी हिशेब करणारा माणूस बरोबर होता, मशीन चुकत होतं.

पुढच्या हंगामापासून मजुरी सॉफ्टवेअरवरूनच वाटायचं ठरलेलं होतं. पोर्टिंग टाळलं असतं, तर लाल वही बंद झाल्यावर ते ५० पुडे कोणी शोधले असते?

तेव्हा मंडळी, 'चालतंय ना, मग कशाला हात लावता?' असं बॉस म्हणाला, तर वाद घालू नका. त्याच्यासमोर दोन टेस्ट चालवा. एक भागाकार, आणि एक अस्सल मराठी नाव. जोडाक्षरासकट.